पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी

राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत बखर लिहिताना कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांच्या घोडदळाचा हिशेब नोंदवून ठेवला. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, ही अधिकाराची उतरंड शाळेच्या पुस्तकांतूनही आपल्यापर्यंत पोहोचते. याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, अशी ती नेमणूक होती. एक पाणी वाहणारा आणि एक खूर सांभाळणारा. घोडा चालता राहायचा तर तलवारीआधी पाणी आणि नाल यांची तजवीज हवी, हे ज्या राज्याला कळलं होतं, त्याने ती तजवीज कुणाच्या मर्जीवर न सोडता थेट नेमणुकीत बसवली. कठीण हंगामात कष्टाचं जनावर कसं टिकवायचं, या प्रश्नाचं उत्तर मला या एका आकड्यात सापडतं. जनावर जगतं चाऱ्यावर, पण टिकतं ते त्याच्या कामावर, आणि ते काम चालू राहायचं तर जनावराबरोबर चालणारी व्यवस्था लागते. आज सोलापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला की जनावरांसाठी छावण्या उघडतात, टँकर धावतात. पण ओझं वाहणाऱ्या घोड्यासाठी कुणी पखालजी उरलेला नाही. तो का हवा, हे या लेखात मांडायचं आहे.

कठीण हंगाम म्हणजे कोणता, हे मुलुखावर ठरतं. बर्फाच्या देशांत घोडा पाळणाऱ्याचं सारं वर्ष हिवाळ्याभोवती फिरतं: गंजीत गवत किती आहे, पाणी गोठेल का, गोठलेल्या वाटेवर खूर धरेल का. सोलापूरला पौषातली थंडी जनावराला मानवते. इथला कडक हंगाम फाल्गुनाच्या शेवटी सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत संपत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या या जिल्ह्यात सरासरीने वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो, माळावरची कुसळी पिवळी पडून मोडते, विहिरींचे तळ दिसू लागतात. तिकडचा हिवाळा आणि इकडचा उन्हाळा दिसायला एकमेकांच्या उलट असले, तरी घोड्याच्या पोटात दोन्ही एकाच जागी घाव घालतात. घोडा रवंथ करत नाही. त्याचा चारा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आंबतो आणि त्यातून उष्णता निघते. थंड देशात भरपूर वाळलं गवत घातलेला घोडा या आतल्या शेगडीवर रात्र काढतो. आपल्याकडे तीच शेगडी वैशाखात भार होते. थंडीत पाणी बर्फासारखं गार असतं म्हणून घोडा कमी पितो, उन्हाळ्यात पाणीच नसतं म्हणून कमी पितो. दोन्हीकडे आतड्यातला कोरडा चारा अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्यासाठी पोटशूळ हे मृत्यूचं फार जुनं कारण आहे.

उष्ण हवेत कष्ट करणाऱ्या घोड्याची अडचण आणखी खोल आहे, आणि धोरण आखणाऱ्यांनी ती समजून घ्यायला हवी. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. घोड्याचा मुख्य भरवसा घामावर असतो. त्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षाही खारट असतो, त्यामुळे अंगातलं पाणी जातं तसं मीठही भसाभस जातं. पाणी आणि मीठ असे बरोबरीने गेले की रक्ताचा खारटपणा वाढत नाही, आणि मेंदूला तहानेची खूण नीट पोहोचत नाही. म्हणून आत कोरडा पडलेला घोडाही समोरच्या बादलीकडे पाठ फिरवू शकतो. त्याला तहान नाही असं समजून पुढे चालवणं इथेच जिवावर बेततं. दाण्यात रोज मीठ आणि वाटेत थांबून थांबून पाणी, एवढ्याने यातलं पुष्कळसं टळतं. अडीच-तीनशे किलोच्या लहान चणीच्या घोड्यालाही साध्या हवेत दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. उन्हात ओझं वाहायचं असेल तर ही गरज सहज दुपटीवर जाते. पाण्यापाठोपाठ दाण्याचा नंबर येतो. दाणा कमी पडला की पाठीवरचं मांस उतरतं, मांस उतरलं की खोगीर हाडावर बसतं, आणि पाठ लागलेला घोडा महिनाभर तरी ओझ्याला निकामी होतो. सर्वांत शेवटी खूर. कोरड्या मुरमावर आणि तापलेल्या डांबरावर खुराच्या कडा तुटतात, भेगा वर चढतात, घोडा पाय उचलून धरू लागतो. पाणी, दाणा, पाठ, खूर या साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या आपोआप तुटतात. सभासदाच्या आकड्यात पखालजी आणि नालबंद एकत्र का येतात, याचा उलगडा इथे होतो.

हे घोडे कुणाचे, असा प्रश्न साहजिक आहे. सोलापूर जिल्ह्यात घोडा म्हटलं की अकलूजचा घोडेबाजार आठवतो. तिथे मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जातीची देखणी जनावरं येतात आणि त्यांच्या किमतींच्या बातम्या होतात. माझा विषय तो घोडा नाही. सांगोला, माळशिरस, मंगळवेढा या पट्ट्यातला आणि शेजारच्या माणदेशातला मेंढपाळ धनगर ज्याच्या पाठीवर आपलं बिऱ्हाड लादतो, तो बुटका, काटक, भीमथडीचा घोडा माझा विषय आहे. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेल्या या घोड्यांनी मराठ्यांच्या स्वाऱ्या वाहिल्या. २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ या गीतात त्यांचा उल्लेख आहे, आणि अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. स्वाऱ्या संपल्यावर ही जात कुणाच्या तबेल्यात राहिली नाही, धनगराच्या वाड्यात, म्हणजे त्याच्या फिरत्या बिऱ्हाडात राहिली. दिवाळीनंतर वाडा हलतो. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी कृष्णा-पंचगंगेच्या बागायती पट्ट्यात. पाल, भांडीकुंडी, धान्य, कोंबड्या, वाटेत जन्मलेली कोकरं, दमलेली लहान मुलं हे सारं घोड्याच्या पाठीवर असतं. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि पाऊस सुरू होण्याआधी परत फिरायचं, कारण कोकणच्या चिखलात मेंढराचे खूर कुजतात. हा परतीचा प्रवास वैशाख-ज्येष्ठात येतो. दूध देणारी गाय या दिवसांत सावलीला बांधता येते. धनगराच्या घोड्याला मात्र नेमक्या याच दिवसांत घाट चढून कोरड्या मुलुखाकडे यायचं असतं. पाऊस लांबला, की ज्या गावी परतायचं तिथेच पाणी नसतं.

आपल्या इतिहासात घोड्याचा कठीण हंगाम पावसाळा होता. चिखलात स्वारी होत नसे, म्हणून लष्कर छावणीला परतत असे आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडत असे. सभासद सांगतो की त्या चार महिन्यांसाठी दाणा, वैरण, औषधं आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या पागा आधीच तयार असत. ही तयारी किती बारकाईची होती हे चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रावरून कळतं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आज्ञेसाठी ते पत्र नेहमी आठवलं जातं. ती आज्ञा थोर आहेच. पण तिच्यामागचा सगळा युक्तिवाद घोड्याच्या चंदीचा आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आज मनमानी खर्च केलं, तर भर पावसात काही मिळणार नाही. मग घोडे उपासमारीने मरतील आणि तो दोष तुमच्यावर येईल. घोडे मरायला लागले की तुम्ही गावात शिराल, कुणब्याचं धान्य, गवत, लाकूड ओढून आणाल, आणि मग रयतेला मोगल परवडले असं वाटेल. म्हणून हंगामाचे दिवस मोजून रोजचा रतीब ठरवा, असा त्याचा आशय आहे. आगीबद्दलची ताकीदही तितकीच काटेकोर आहे: उघड्या चुली, पेटत्या चिलमी, आणि रात्री तेवत ठेवलेल्या दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीसकट सारी पागा जळेल. राज्याच्या धन्याने उंदराच्या तोंडच्या वातीचा विचार करावा, यात त्या व्यवस्थेचं सारं शहाणपण आहे. घोड्याची उपासमार आणि शेतकऱ्याची लूट या एकाच चुकीच्या दोन पायऱ्या आहेत, हे त्या पत्राने ओळखलं होतं. आज पाण्यासाठी थांबलेल्या धनगराचा वाडीवस्तीशी वाद होतो, तेव्हा आपण त्याच पायऱ्यांवर उभे असतो.

यावर कुणी म्हणेल की ही गौरवशाली इतिहासाची निवडक आठवण आहे. मराठ्यांच्या घोड्यांचे हालही इतिहासाने पाहिले आहेत. आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. १७६० च्या अखेरीस पानिपतला दख्खनची फौज उत्तरेच्या कडाक्याच्या हिवाळ्यात अडकली. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, रसद तुटली, छावणी वेढली गेली. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जे घोडे रणात उतरले ते आधीच उपाशी होते. तीच भीमथडीची जात, तेच कसलेले स्वार; फरक पडला तो दाणा-वैरणीत आणि हालचालीत. जी फौज फिरत राहण्यावर जगत होती, ती एका जागी कोंडली गेली. दख्खनच्या घोड्याचा काटकपणा आपण उगाच दैवी मानतो. काटक जनावर कमी खाऊन जास्त दिवस काम देतं. काहीच न खाता कुठलंही जनावर काम देत नाही. काटकपणावर भरवसा टाकून व्यवस्था सोडून देण्याची जी चूक माणूस करतो, तिची किंमत त्या काटक जनावराला चुकवावी लागते.

आता आजच्या चारा छावणीकडे पाहू. २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांत मोठ्या संख्येने छावण्या उघडल्या. त्यांनी पुष्कळ दावणी वाचवल्या, हे नाकारण्याचं कारण नाही. पण छावणीचा साचा गाय, म्हैस आणि बैल यांच्यासाठी घडला आहे. अनुदान मोठं जनावर आणि लहान जनावर अशा दोन वर्गांत मोजलं जातं, जनावर एका जागी बांधलेलं असावं लागतं, आणि चारा म्हणजे बहुतेक वेळा ऊस किंवा उसाचं वाढं. घोड्याच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी अडचणीच्या आहेत. उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट असतं आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जिवाणू ते बऱ्याच अंशी पचवतात, तरी त्यांनाही चुन्याची निवळी द्यायला सांगतात. घोड्याला ती सोय नाही. अशा चाऱ्यावर फार दिवस ठेवलेल्या घोड्याची हाडं ठिसूळ होतात. गुरांच्या निकृष्ट कडब्याला युरियाची प्रक्रिया करून सकस करण्याची युक्तीही घोड्याच्या पोटात तशी उपयोगी पडत नाही. आणि मुख्य म्हणजे धनगराचा घोडा छावणीत बांधला तर मेंढरांचं खिल्लार पुढे कसं जाणार? घोडा वाचवायचा तर धंदा सोडा, अशी ही अट होते.

धंदाच बदलू द्या, ओझं वाहायला टेम्पो आहेत, असं म्हणणारे थोडे नाहीत. काही वाडे आता सामान भाड्याच्या गाडीतून पुढे पाठवतात, आणि ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर करावं. पण टेम्पो रस्त्यावर थांबतो आणि मेंढरू माळावर चरतं. मुक्काम पडतो तो नांगरलेल्या रानात, ओढ्याच्या काठी, घाटाच्या पाऊलवाटेवर. चार दिवसांनी पुन्हा हलायचं, प्रत्येक वेळी गाडीचं भाडं मोजायचं, हा हिशेब मेंढपाळाच्या मिळकतीत बसत नाही. घोडा रोजचं इंधन वाटेतच चरतो. काम गेलं की जनावराचं काय होतं, ते पशुगणना स्पष्ट सांगते. २०१२ मध्ये देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४२ हजार उरली. गाढवं याच सात वर्षांत ६१ टक्क्यांनी घटली. वाहतुकीचं काम यंत्रांकडे गेलं आणि जनावरं नाहीशी झाली. तेव्हा एखाद्या जातीला नोंदणीचं प्रमाणपत्र द्यायचं आणि तिचं काम मात्र मोडू द्यायचं, याने जातीचं संवर्धन होणार नाही. भीमथडीचे गुण धनगराच्या वाटेने घडवले आहेत. वाट संपली तर उरेल ती फक्त लहान उंचीची घोडी.

घोडे असे किती, त्यांच्यासाठी तिजोरी का उघडायची, आधी दुभती जनावरं, हाही युक्तिवाद होतो. टंचाईत क्रम लावावा लागतो, हे मान्य आहे. पण एका घोड्याच्या पाठीवर एका कुटुंबाचं घर आणि त्याच्या मेंढरांची हालचाल अवलंबून असते. तो घोडा बसला तर त्या कळपाला चाऱ्याकडे जाता येत नाही, आणि मग सरकारला एका घोड्याऐवजी सारा कळप पोसावा लागतो. संख्या कमी असल्याने खर्चही कमी आहे. फिरून चारा शोधणारा मेंढपाळ दुष्काळात सरकारी चाऱ्यावरचा भार हलका करतो. त्याची चाल सुरू ठेवणं हाच सर्वांत स्वस्त दुष्काळ निवारणाचा उपाय आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप भूतदयेचा आहे. चाळीस अंशांच्या उन्हात जनावराला कामाला जुंपणं हेच क्रौर्य नाही का? या प्रश्नाची चौकट कायद्याने घालून दिली आहे, आणि ती शहाणी आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेल्या नियमांनुसार दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम घेण्यास मनाई आहे. तट्टाच्या पाठीवर ७० किलो, गाढवाच्या पाठीवर ५० किलो, अशा ओझ्याच्या मर्यादाही त्यात आहेत. सोलापुरात उन्हाळ्यातले बहुतेक दिवस या मनाईत बसतात, म्हणून हे नियम इथे अक्षरशः पाळले गेले पाहिजेत. काम आणि क्रौर्य यांच्यामधली रेषा पाणी, सावली, तास आणि वजन यांनी आखली जाते. पण बारा ते तीन थांबायचं तर थांबण्याजागी सावली आणि हौद हवा. तो नसेल तर मेंढपाळ पुढच्या पाण्यासाठी भर उन्हात चालत राहतो, आणि कायदा मोडण्याचा दोष एकट्या त्याच्या माथी येतो. कामातून काढलेल्या घोड्याचं पुढे काय होतं, याचं उत्तर पशुगणनेने दिलंच आहे. दया खरी असेल तर तिने हौदाचं रूप घ्यायला हवं.

अशा हौदांवर रोग पसरतील, ही भीती मात्र पशुवैद्यकाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे. ग्लँडर्ससारखा जीवघेणा रोग घोड्यांना एकाच हौदात पाणी पाजल्याने पसरू शकतो आणि तो माणसालाही होतो. म्हणून घोड्यांची छावणी भरवू नये, असंच माझं म्हणणं आहे. वाटेवर ठिकठिकाणी छोटे पाणवठे असावेत. हौदात तोंड घालू देण्याऐवजी प्रत्येक वाड्याने आपल्या बादलीने पाणी काढून पाजावं. ठरलेल्या मुक्कामांवर पशुवैद्यकाने रक्ताचे नमुने घ्यावेत. आज फिरते घोडे कुणाच्याच तपासणीत येत नाहीत. रोगाच्या दृष्टीने जास्त धोका त्यातच आहे.

करायच्या गोष्टी यातूनच निघतात आणि त्या आवाक्यातल्या आहेत. वाड्यांच्या वाटा वर्षानुवर्षं ठरलेल्या आहेत. ग्रामपंचायतींना त्या पाठ आहेत. दुष्काळाचा आराखडा आखताना गावांच्या टँकरबरोबर या वाटांवरचे पाणवठे धरावेत. दाण्यासाठी बाहेर पाहायला नको. या जिल्ह्याच्या हलक्या, मुरमाड रानात हुलगा येतो, म्हणजेच कुळीथ. दख्खनच्या घोड्याचा हा जुना दाणा आहे. भिजवून, शिजवून तोबऱ्यात घातला की त्यातली प्रथिनं अंगी लागतात, आणि पीक म्हणून तो अत्यल्प पावसावर निघतो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा कडबा घोड्यालाही चालतो. पाऊस ओढून खुरटलेली कोवळी ज्वारी मात्र विषारी ठरते, ती कुठल्याच जनावरापुढे टाकू नये. नालबंदही अजून पूर्ण गेलेला नाही. ऊस वाहणाऱ्या बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकाव्या लागतात, म्हणून साखर कारखान्यांच्या तळांवर हा कारागीर टिकून आहे. गाळप हंगाम संपतो तेव्हाच मेंढपाळाची परतीची चाल सुरू होते. त्या रिकाम्या महिन्यांत घोड्याच्या खुराचं शिक्षण आणि ठरावीक मानधन दिलं तर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद ही नेमणूक आजही भरता येईल.

हे जमणार नाही, असं निदान या जिल्ह्याने म्हणू नये. दर आषाढात लाखो माणसं चालत पंढरपूरला येतात आणि त्यांच्या पाण्याची, मुक्कामाची, औषधांची व्यवस्था याच वाटांवर होते. अकलूजला, खुडूसला, वाखरीला रिंगण लागतं तेव्हा माउलींचा आणि तुकोबांचा अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. चालत्या समूहाला पाणी कसं पुरवायचं हे सोलापूरला ठाऊक आहे, आणि घोड्याबद्दलची श्रद्धाही इथे काठोकाठ आहे. त्या मातीतून महिनाभर आधी ओझ्याचा घोडा तहानलेला गेलेला असतो. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं आपल्या पूर्वजांनी एकच उत्तर दिलं: न फिरवल्यामुळे. भीमथडीचा घोडा आजही फिरायला तयार आहे. त्याला फिरवणारा मेंढपाळही दर दिवाळीनंतर पाल गुंडाळून उभा राहतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीतलं एकच पद आज रिकामं आहे, आणि ते भरण्याचं काम आपलं आहे.